दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली डिझेल एसयूव्ही घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मुंबईत जुनी डिझेल एसयूव्ही घेणारे बहुतेक जण फसतात ते क्रम चुकल्यामुळे. गाडी बघितली, आवडली, लगेच टोकन दिलं, मग कागद मागितले, आणि मेकॅनिकला दाखवली ती घरी आणल्यावर. तोवर पैसे अडकलेले असतात आणि मालक फोन उचलेनासा होतो.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी कागद, मग थंड इंजिन, मग बॉडी आणि खालची बाजू, मग रस्ता, मग स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र), आणि पैसे सगळ्यात शेवटी. कुठल्याही टप्प्यावर गाडी नापास झाली तर तिथंच सोडून द्या, पुढच्या टप्प्यावर वेळ घालवू नका. इथं डोळ्यासमोर आहेत त्या १ लाख २० हजार ते अडीच लाख किलोमीटर झालेल्या स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ५००, डस्टर, क्रेटा, कंपास अशा गाड्या. इनोव्हा एसयूव्ही नव्हे, पण तपासणी तीच.

१. घराबाहेर पडण्याआधी

तुमचं रोजचं अंतर लिहून काढा. दादर ते बीकेसी अशी सात-आठ किलोमीटरची फेरी असेल आणि महिनोन्‌महिने हायवे लागत नसेल, तर बीएस६ (प्रदूषणाच्या ‘भारत स्टेज’ मानकांचा सहावा टप्पा) डिझेल घेऊ नका. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, साधारण ताशी ६० च्या पुढं पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत ते जळणं अर्धवट राहतं, फिल्टर चोंदतो, आणि जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बीएस४ गाडीत ही भानगड बहुधा नसते, पण तिचं वय जास्त असतं.

वयाचा हिशेब आत्ताच करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. बारा-तेरा वर्षांची गाडी घेतली तर हा खर्च दोन-तीन वर्षांत तुमच्याच माथी येणार. शिवाय मुंबई महानगर क्षेत्रात फक्त सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या ठेवता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. जुनी डिझेल गाडी दहा वर्षं वापरायची या आशेवर घेऊ नका. चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतील असाच भाव धरा.

सोसायटीचं पार्किंगही मोजा. फॉर्च्युनर जवळपास ४.८ मीटर लांब आहे आणि वजन दोन टनांच्या पुढं. स्टॅक पार्किंगच्या खांबावर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचून या.

आणि बजेट. हातात आठ लाख असतील तर गाडी साडेसहाची शोधा. किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवायचीच. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा), टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), क्लच आणि डीपीएफ या चारपैकी एक जरी निघालं तरी हा पैसा लागतो.

२. फोनवरची गाळणी

भेटीला जाण्याआधी मालकाकडून किंवा डीलरकडून एवढं मागवा: आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, चालू विमा पॉलिसी, सर्व्हिसची बिलं, आणि गाडीवर कर्ज आहे का याचं स्पष्ट उत्तर. ‘या तर खरं, सगळं आहे’ असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

मग नंबर टाकून एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणी तारीख, इंधन, विमा, पीयूसी आणि फायनान्स तपासा. मालकाला त्याच्या फोनवर डिजिलॉकरमधली आरसी उघडून दाखवायला सांगा. कागदावरची आरसी खोटी असू शकते. आरसीवर या गोष्टी बघा:

– मालकी क्रमांक. तिसरा-चौथा मालक आणि प्रत्येकाकडे वर्ष-सहा महिनेच गाडी, तर तिच्यात काहीतरी खोट आहे असं धरून चला.

– वाहनाचा वर्ग आणि इतिहास. इनोव्हा आणि क्रिस्टा पिवळ्या पाटीवर टुरिस्टला चालवून मग पांढऱ्या पाटीवर आणलेल्या असतात. अशी गाडी घेऊ नये असं नाही, पण तिचा भाव वेगळा, आणि मीटरवर विश्वास शून्य.

– हायपोथिकेशन, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद. बँकेचं नाव दिसत असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. एनओसीवर मुदत छापलेली असते, तीही वाचा.

– पासिंग. एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली; ठाणे ०४, वाशी ४३. गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्रातला रस्ता कर आणि नवा नंबर, हे सगळं आलं. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इथं स्वस्तात दिसतात. कराचा आकडा आरटीओतून काढल्याशिवाय त्या स्वस्ताईला भुलू नका. मूळ इन्व्हॉइसची प्रतही मागा, कर काढताना तिची गरज पडते.

विमा पॉलिसीत नो क्लेम बोनसचा आकडा शोधा. तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य किंवा २० टक्के, तर गेल्या एक-दोन वर्षांत काय झालं ते विचारा आणि त्या दुरुस्तीचं बिल मागा.

वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकून थकलेली चलनं काढा. मुंबईच्या गाड्यांवर दहा-वीस हजारांची चलनं पडून असणं नवलाचं नाही. ती मालकाने भरायची, व्यवहाराआधी.

*तपासा: कागदांत एक जरी नाव, तारीख किंवा नंबर जुळत नसेल तर गाडी बघायला जाऊ नका.*

३. मीटरवरचा आकडा वाचायचा कसा

डिझेल इंजिन किलोमीटरने झिजतं त्याहून जास्त तासांनी झिजतं. एक गाडी ८० हजार किलोमीटर चालली, पण सगळी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, ताशी १८ च्या सरासरीने; तिचं इंजिन साधारण ४,४०० तास फिरलं. दुसरी मुंबई-नाशिक करत ताशी ४५ च्या सरासरीने १ लाख ६० हजार चालली. तिचे साधारण ३,५५० तास. वरून पहिलीचा क्लच, ब्रेक, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बो जास्त शिणलेले. म्हणून जास्त आकड्याला घाबरून कमी आकड्याची गाडी महागात घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. नोंदी नीट असलेली दीड लाखाची हायवे गाडी आम्ही नोंदी नसलेल्या सत्तर हजारांच्या शहरी गाडीआधी घेऊ.

नोंदी म्हणजे तारीख आणि किलोमीटर दोन्ही असलेली बिलं. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरवरून इतिहास काढा. रिकॉलचं एखादं काम राहिलंय का तेही तिथंच कळतं. दोन सर्व्हिसमधलं अंतर १० हजारांच्या आसपास हवं. मध्येच ३० हजारांची दरी असेल तर त्या काळात ऑइल बदललं की नाही कोणालाच माहीत नाही. इतिहास १ लाख १० हजारांवर संपतो आणि मीटर ९२ हजार दाखवतो, तर बोलणी तिथंच संपवा.

बिलांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा पट्टा) मुद्दाम शोधा. डस्टरचं १.५ डीसीआय, जुन्या इनोव्हाचं २.५, जुन्या फॉर्च्युनरचं ३.० आणि कंपासचं २.० ही इंजिनं बेल्टवर चालतात. क्रिस्टा आणि नव्या फॉर्च्युनरच्या डिझेलला चेन आहे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजून खर्च धरा.

आकड्याशी ताडून बघायच्या खुणा: क्लच-ब्रेक पेडलची रबरं, स्टिअरिंगचं कातडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड. टायरवर चार आकडी कोड असतो. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. ४० हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीला टायरचा दुसरा संच कसा, हा प्रश्न विचारायलाच हवा.

४. थंड इंजिन

हा टप्पा चुकला तर बाकीची तपासणी अर्धी वाया जाते. गरम डिझेल इंजिन आपले निम्मे आजार लपवतं. मालकाला आदल्या दिवशी सांगा, ‘सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. ‘जरा हलवून ठेवली’ हे कारण ऐकून घेऊ नका.

चालू करण्याआधी:

1. ऑइलची काडी काढा. डिझेलचं ऑइल काळं असणं हा दोष नव्हे. हजार किलोमीटरमध्येच ते काळं होतं. पातळी बघा. वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डीपीएफ किंवा इंजेक्टर संशयाखाली.

2. कूलंटच्या डब्याचं झाकण उघडा, इंजिन थंड असतानाच. आत तेलाचा तवंग किंवा तपकिरी चिखल नको. साधं नळाचं पाणी भरलेलं असेल तर रेडिएटर आतून गंजत चाललाय.

3. एअर फिल्टर काढून त्याच्या पुढच्या पाइपात बोट फिरवा. फिल्टरच्या पलीकडे धूळ लागली तर इंजिन धूळ खात आलंय, आणि धूळ पिस्टनच्या रिंगा खाते.

4. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसतो का बघा. तांब्याचा वॉशर गळत असल्याची ती खूण. वॉशर स्वस्त असतो, पण अडकलेला इंजेक्टर उपटताना तुटला तर काम महागात जातं.

5. बीएस६ गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट घाला. डीपीएफ शाबूत असेल तर आत जवळजवळ कोरडं आणि स्वच्छ असतं. बोट काळं झालं तर डीपीएफ फुटलाय किंवा कापून काढलाय. कापलेली गाडी घेऊ नका. परत बसवायचा खर्च तुमचा आणि पीयूसीची डोकेदुखीही तुमची.

आता चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. चेक इंजिन, ऑइल, एअरबॅग, एबीएस हे सगळे दिवे लागले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो कोणीतरी बंद केलाय. ग्लो प्लगचा (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून तापणारी कांडी) दिवा विझला की सेल्फ मारा. निरोगी इंजिन एक-दोन सेकंदांत, रेस न देता चालू होतं. मागे एका माणसाला धुराकडे बघायला उभं करा.

सुरुवातीला थोडा धूर येऊन लगेच थांबला तर ठीक. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, गेलंय. काळा धूर जोरात रेस दिल्यावर जुन्या गाडीत थोडा येतो. सतत येत असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणारा भाग) फाटलेला पाइप, अडकलेला ईजीआर किंवा थकलेला टर्बो.

दोन मिनिटांनी रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. इंजिन अजून थंड आणि पाइप मात्र दगडासारखा कडक, तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये घुसतोय. मग ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं तोंडावर ठेवा. ते थोडं थरथरतं. उडून पडलं किंवा आतून धुराचे लोट येत राहिले तर रिंगा गेल्या. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

*सावधान: इंजिन बे चकाचक धुतलेला असेल तर गळती दिसणार नाही. चालवून आणल्यावर पुन्हा बॉनेट उघडा.*

५. बॉडी, गंज आणि पुराचं पाणी

मुंबईत अपघाताइतकंच पाण्याकडे बघा. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, कुर्ला इथल्या साचलेल्या पाण्यात गाड्या बंद पडतात. तळघरातल्या पार्किंगमध्येही बुडतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला. एमएच ०८, ०९, १० पासिंगची गाडी असेल तर जास्त बारकाईने बघा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज, स्टेपनीच्या खाचेत गाळ, गालिच्याखालच्या फोमला कुबट वास, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर. यातल्या दोन खुणा सापडल्या तर गाडी सोडा. पाणी शिरलेली वायरिंग वर्षभर त्रास देत राहते, आणि दोष सापडत नाही म्हणून मेकॅनिकही कंटाळतो.

वर्सोवा, वरळी, वांद्र्याला समुद्रासमोर उघड्यावर राहिलेल्या गाडीला खारी हवा खालून खाते. दारांच्या खालच्या कडा, सिल, चाकांच्या कमानी, डिझेल टाकीचे पट्टे बघा.

अपघातासाठी बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, दाराच्या रबराखालची स्पॉट वेल्डिंग, रेडिएटरपुढची आडवी पट्टी सरळ आहे का, एवढं पुरतं. पेंट गेज मिळालं तर उत्तम: कंपनीचा रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास, पुट्टीवर आकडा कित्येक पटींनी वाढतो. बंपर किंवा एखादं दार रंगवलेलं असणं मुंबईत साहजिक आहे, त्यावरून गाडी नाकारू नका. छप्पर आणि खांब रंगवलेले असतील तर मात्र नाकाराच.

६. रॅम्पवर

तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये, मालकाने सुचवलेल्या नव्हे, गाडी रॅम्पवर चढवा. आधी चासी नंबर. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाड्यांत तो बहुधा उजव्या पुढच्या चाकाजवळ फ्रेमवर ठोकलेला असतो. आरसीशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा आणि तिथंच पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवा. आकड्यांभोवती घासलेलं किंवा वेल्डिंग दिसलं तर निघून या.

फ्रेमवर ताजा काळा कोटिंगचा थर असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर थराखाली गंज लपलाय. वेल्डिंगचे जोड, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि शॉकअपच्या बैठका नीट बघा. फ्रेमला भोक पडलेली गाडी दुरुस्त करून घेण्यात अर्थ नाही.

गळती: इंजिनच्या मागच्या सीलवर, गिअरबॉक्सवर, डिफरन्शियलवर. ओलसरपणा चालेल, थेंब नको. सीव्ही जॉइंटचे बूट, लोअर आर्मचे बुश, टायरॉड एंड, बॉल जॉइंट पहारीने हलवून बघायला सांगा. दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीला बुश आणि शॉकअप लागणारच. तो दोष नव्हे, भावातून वजा करायचा खर्च आहे. इंटरकूलरचा पाइप सोडला तर आत तेलाचा पातळ ओलावा असतो. तेल साठून वाहत असेल तर टर्बोचं सील गेलंय. टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघितला तर आडवा किंचित हलेल, पुढं-मागं अजिबात हलता कामा नये.

७. रस्त्यावर: निदान पाऊण तास

सोसायटीला एक चक्कर मारणं म्हणजे चाचणी नव्हे. पाऊण तासात तीन तऱ्हेचे रस्ते हवेत: गर्दी, चढ आणि मोकळा रस्ता. गर्दी तर दारातच आहे. चढासाठी मलबार हिल, बेलापूरची पारसिक हिल किंवा घोडबंदरचा गायमुख घाट. मोकळ्या रस्त्यासाठी पूर्व मुक्त मार्ग किंवा अटल सेतू. एसी चालू ठेवा आणि रेडिओ बंद.

गर्दीत: न्यूट्रलमध्ये क्लच दाबून-सोडून आवाज ऐका. दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर आली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. इंजिन बंद करताना खालून खडखड होऊन धक्का बसला तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के गिळणारं दुहेरी चाक) संपलंय. क्लच प्लेटपेक्षा फ्लायव्हील महाग पडतं, आणि एकाच वेळी दोन्ही बदलावं लागतं.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ३० वर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नाही आणि गाडी गुदमरते, तर टर्बो किंवा इंधनाचा प्रश्न. १,८०० आरपीएमच्या आसपास टर्बोचा रेटा जाणवायला हवा. हलकी शीळ चालते, सायरनसारखा आवाज नाही. घाटात एसी लावून तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला पाहिजे.

मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० ला स्टिअरिंग सैल धरा. गाडी एका बाजूला ओढते का? थरथर येते का? ब्रेक लावताना थरथरली तर डिस्क वाकल्यात. वेग वाढेल तशी वाढणारी हुंकारासारखी घूं-घूं व्हील बेअरिंगची असते. वळणावर ती कमी-जास्त होते, टायरचा आवाज सहसा होत नाही. ऑटोमॅटिक असेल तर थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी डीमधून आरमध्ये टाका. झटका किंवा उशीर नको.

फोर बाय फोर घेत असाल तर ४एच (जास्त वेगाचा) आणि ४एल (कमी वेगाचा, जास्त ओढीचा) दोन्ही लावून बघा, पण मातीवर. पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून वळवली तर ट्रान्सफर केसवर ताण येतो. दिवा लागला पण पुढची चाकं ओढत नाहीत, हा वर्षानुवर्षं न वापरलेल्या गाड्यांचा नेहमीचा दोष.

परत आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. मग बॉनेट उघडून नवी गळती शोधा. बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. थंड असताना लगेच आणि गरम असताना लांबवून चालू होणारी गाडी बहुधा इंजेक्टर परत जास्त डिझेल सोडत असल्याचं सांगते.

८. स्कॅनर

नुसते कोड वाचून समाधान मानू नका. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसले जातात. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा बघा. तो २० किलोमीटर असेल तर कशासाठी पुसले ते विचारा. मग बघा प्रत्येक सिलिंडरचं इंजेक्टर करेक्शन (संगणक डिझेल किती कमी-जास्त करतोय), रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) मागितलेलं आणि मिळालेलं, आणि डीपीएफ असेल तर काजळी, राख आणि शेवटच्या रीजनरेशननंतरचं (काजळी जाळण्याची क्रिया) अंतर. काजळी जळते, राख जळत नाही. राखेचा आकडा मर्यादेजवळ असेल तर फिल्टर साफ करणं किंवा बदलणं जवळ आलंय. चांगल्या स्कॅनरला इंजिनशिवाय इतर मॉड्यूलमधलेही किलोमीटर दिसतात, ते मीटरशी ताडा.

एक इंजेक्टर बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा आकडा दाखवत असेल तर लीक-बॅक चाचणी करा: प्रत्येकाच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवायचं. ज्या बाटलीत डिझेल जास्त, तो इंजेक्टर थकलेला.

९. भाव

आता गॅरेजकडून लेखी एस्टिमेट घ्या आणि दोन भाग करा. पहिल्या भागात आत्ता लागणारी कामं: टायर, बेल्ट, बुश, गळती. हे पूर्ण वजा करा. दुसऱ्यात वर्षभरात येऊ शकणारी: क्लच, एखादा इंजेक्टर. त्याचं निम्मं मागा. कागद समोर ठेवून बोला, ‘जरा कमी करा ना’ म्हणून काही होत नाही.

१०. पैसे आणि कागद

टोकन पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका, आणि चिठ्ठीवर लिहून घ्या: ‘कर्ज, चलन किंवा कागदात अडचण निघाल्यास टोकन परत.’ बाकी रक्कम आरसीवरच्या मालकाच्याच बँक खात्यात जाऊ द्या. भाच्याच्या किंवा ‘पार्टनर’च्या खात्यात नाही. आयकर कायद्याने दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, त्याचं ओळखपत्र, आरसी, विमा, पीयूसी, आणि कर्ज असल्यास फॉर्म ३५. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसांची संमती लागते. मुलाने ‘बाबांची गाडी आहे’ म्हणून केलेली सही चालत नाही. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र बघा.

खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. विम्याचं थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीने करा. त्या क्षणानंतरची चलनं तुमची, आधीची त्याची. दोन्ही चाव्या मोजून घ्या. मालकाचा फास्टॅग त्याने बंद करायचा आणि तुम्ही नवा लावायचा. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा.

*सावधान: ‘नाव नंतर चढवू, एजंट करेल’ यावर गाडी सोडू नका आणि घेऊही नका. अर्जाची पावती स्वतःच्या फोनवर येईपर्यंत पाठपुरावा करा.*

११. पहिला आठवडा

मालक काहीही सांगो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला. किती ऑइल लागतं ते इंजिनागणिक वेगळं असतं. नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलमधून घ्या. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं एसीईए सी ग्रेड ऑइलच हवं. चुकीचं भरलं तर फिल्टर राखेने भरतो आणि ती जळून जात नाही.

कूलंट, ब्रेक फ्लुइड, गिअर ऑइल आणि डिफरन्शियल ऑइलही बदला. बेल्टचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. मजुरी एकदाच लागते, आणि नव्या बेल्टखाली जुना पंप अडकला तर सगळं परत उघडावं लागतं. डिझेल फिल्टरमधलं साठलेलं पाणी पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडा.

हजार किलोमीटरनंतर पुन्हा रॅम्पवर चढवून सगळे बोल्ट, पाइप आणि पातळ्या बघा, आणि त्याच दिवशी स्कॅनर लावून इंजेक्टरचे आकडे खरेदीच्या दिवशीच्या आकड्यांशी ताडा.